अकरावी आर्ट्स कितीला भरते?

13 मे 2025 ला दहावीचा निकाल लागला. लेकीला 500 पैकी 462, म्हणजे 92.4 टक्के. त्यात इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या बी ग्रेडचे 5 वाढीव गुण धरलेले होते. संध्याकाळपासून फोन सुरू झाले आणि प्रत्येक फोनवर अभिनंदन झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग सायन्स ना?" आर्ट्स म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता. एक चुलतसासरे तर सरळ म्हणाले, "नव्वदच्या वर मार्क असून आर्ट्स? असं काय झालं?" काही झालं नव्हतं. तिला मानसशास्त्र शिकायचंय, इतिहास आवडतो, आणि हे आमच्या घरात नववीतच बोलून झालं होतं. त्यामुळे शाखेवर वाद नव्हता. प्रश्न कॉलेजचा होता. आम्ही राहतो डोंबिवलीला, आणि ज्या कॉलेजांची नावं घेतली जात होती ती बरीचशी दादरच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. मुंबई परिसरात अकरावीचे प्रवेश बऱ्याच वर्षांपासून केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात, 2025 पासून ते राज्यभर सुरू झाले. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात माहिती आणि कागदपत्रं, दुसऱ्यात पसंतीक्रम. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं टाकता येतात. आपल्या गुणांना यादीतल्या ज्या सर्वांत वरच्या कॉलेजात जागा मिळते ते कॉलेज लागतं. पहिल्या पसंतीचं लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं लागलं तर घ्यायचं की पुढच्या फेरीसाठी थांबायचं, हे आपल्या हातात.

92 टक्के ऐकायला छान वाटतात. पण बेस्ट ऑफ फाइव्ह (सर्वांत जास्त गुणांचे पाचच विषय धरणं) आणि वरचे कला-क्रीडा गुण यामुळे वरच्या टोकाला इतकी गर्दी होते, की त्या वर्षी राज्यात 211 मुलांना 100 पैकी 100 टक्के होते. शिवाय सगळ्या जागा सगळ्यांसाठी नसतात. अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजात निम्म्या जागा त्या समाजासाठी, वर व्यवस्थापनाचा 5 टक्के कोटा, कुठे इन-हाउस, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी. झेवियर्सचं नाव आमच्याकडे पहिल्या दिवशीच निघालं. 1869 चं कॉलेज, धोबीतलावजवळची ती दगडी इमारत, लेकीच्या शाळेतल्या बाईंचं ते स्वप्नातलं कॉलेज होतं. पण तिथल्या आर्ट्सच्या खुल्या जागांचा कटऑफ नव्वदीच्या बराच वर असतो. मग रुईया आलं, रुपारेल आलं, विल्सन आलं. मुलुंडचं वझे-केळकर, ठाण्याचं जोशी-बेडेकर आणि डोंबिवलीतलं पेंढरकर. प्रत्येक नावामागे कुणाची तरी मावशी, कुणाचा तरी भाऊ तिथे शिकलेला. सल्ला देणाऱ्या एकानेही विचारलं नाही, की पोरगी रोज तिथे जाणार कशी.

मी वीस वर्षांहून जास्त काळ डोंबिवली ते सीएसएमटी करते आहे. ऑफिस फोर्टात. डोंबिवली सीएसएमटीपासून 48 किलोमीटर, दादरला फास्ट गाडीने पाऊण-एक तास. पण हे किलोमीटर आणि ही मिनिटं फसवी असतात. पहाटे सहाच्या गाडीला लेडीज डब्यात बसायला मिळतं, पुस्तक उघडून वाचता येतं. तीच गाडी साडेआठला आली की दारातल्या बायका आत सरकू शकत नाहीत आणि खालच्या वर चढू शकत नाहीत. सीट मिळावी म्हणून कित्येक जणी आधी उलट्या गाडीने कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. दुपारी एकला दादरहून कल्याणची गाडी पकडली तर खिडकी मिळते; संध्याकाळी सहाला त्याच फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून डोंबिवलीच्या मुलीला दादर लांब आहे की मुलुंड, या प्रश्नाला माझ्या लेखी फारसा अर्थ नव्हता. ती कुठल्या वेळेला गाडीत चढणार आणि कुठल्या वेळेला उतरणार, हे आधी कळायला हवं होतं. सकाळी सातला भरणारं दादरचं कॉलेज साडेनऊला भरणाऱ्या मुलुंडच्या कॉलेजपेक्षा तिला जवळ पडणार होतं. आणि दुपारच्या पाळीचं कॉलेज कितीही नावाजलेलं असो, तिथून ती रोज संध्याकाळच्या गर्दीतच परतणार होती.

ही माहिती कुठेच एका जागी मिळत नाही. पोर्टलवर कॉलेजचा कोड असतो, शाखा, माध्यम, अनुदानित की विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, जागा किती आणि मागचा कटऑफ काय, एवढं असतं. वेळ नसते. कॉलेजांच्या संकेतस्थळांवर पदवीच्या वर्गांचं सगळं मिळतं, ज्युनियर कॉलेजच्या वाट्याला एखादं पान. म्हणून आम्ही दोघी गेटवर जाऊन विचारायचं ठरवलं. मे महिन्याचे दिवस, वर्ग बंद, पण ऑफिसं चालू होती. मी ऑफिसला जाताना तिला बरोबर घ्यायची. ती गर्दीची वेळ तिला माझ्या शेजारी उभं राहून बघता आली, हा त्यातला दुसरा फायदा. पहिल्याच दिवशी ठाण्याला चढलेल्या लोंढ्यात तिची सॅक एकीकडे आणि ती दुसरीकडे झाली. दादरला उतरल्यावर थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तू हे रोज करतेस?"

एका कॉलेजच्या गेटवर भेटलेले शिपाईमामा मला अजून आठवतात. आम्ही प्रवेशाची चौकशी करायला आलोय म्हटल्यावर त्यांनी सवयीने "सगळं ऑनलाइन आहे, इथे काही नाही" असं सांगून टाकलं. मी म्हटलं, "प्रवेशाचं नाही विचारत. अकरावी आर्ट्स कितीला भरते आणि कितीला सुटते, एवढंच सांगा." त्यांनी आमच्याकडे नीट बघितलं. कुठून आलात, विचारलं. डोंबिवली म्हटल्यावर उठून आम्हाला जिन्याखालच्या नोटीसबोर्डाशी घेऊन गेले. मागच्या वर्षीचं वेळापत्रक अजून काचेआड लावलेलं होतं. कडेला पिवळं पडलेलं, एक पिन निघालेली. पहिलं लेक्चर सव्वासात, शेवटचं साडेबाराला संपणार. शनिवारीही कॉलेज. मामांनी बोटाने एकेक रकाना दाखवला आणि म्हणाले, "पहिलं लेक्चर इंग्रजीचं असतं आठवड्यातून तीनदा. तुमच्याकडची पोरं त्यालाच उशिरा येतात. सर घेतात आत, पण मागे बसावं लागतं." कुठल्याही माहितीपत्रकात हे आम्हाला मिळालं नसतं. लेकीने सगळ्या वेळापत्रकाचा फोटो काढला.

त्या फोटोतून आणखी एक गोष्ट कळली, ती विषयांची. आर्ट्सला इंग्रजी आणि दुसरी भाषा सोडून चार विषय निवडायचे असतात, आणि आम्ही धरून चाललो होतो की मुलं हवे ते चार घेतात. तसं नसतं. कॉलेज विषयांचे गट करतं, आणि एकाच तासाला समोरासमोर ठेवलेल्या दोन विषयांपैकी एकच घेता येतो. एका नावाजलेल्या कॉलेजात मानसशास्त्र आणि इतिहास दोन्ही होते, पण समोरासमोर. म्हणजे माझ्या लेकीला हवे असलेले दोन विषय तिथे एकत्र मिळणारच नव्हते. दुसऱ्या एका ठिकाणी मानसशास्त्राची एकच तुकडी होती आणि ती प्रवेशानंतर कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता यादीने भरायची. कॉलेज मिळालं म्हणजे विषय मिळाला असं नाही. आर्ट्स घेणाऱ्या मुलांच्या घरी ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण सगळी चर्चा सायन्सच्या बायफोकल (व्यावसायिक विषय) आणि कोचिंगभोवती फिरते. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. विषयाच्या ओढीने आलेल्या मुलीला दोन वर्षं भलताच विषय घेऊन बसावं लागणं, हे काही लहान नुकसान नाही.

एका काकूंनी अनुदानित-विनाअनुदानितबद्दल सावध केलं नसतं तर तेही निसटलं असतं. एकाच कॉलेजची दोन नावं यादीत दिसतात, कोड वेगळे, कटऑफ वेगळे, फीमध्ये मोठी तफावत. माध्यमाचंही तसंच, काही ठिकाणी मराठी माध्यमाच्या आर्ट्सची ओळ वेगळी असते. लेक सेमी-इंग्रजीतून आलेली, तिने इंग्रजी माध्यम निवडलं. पण मराठी माध्यमातून आलेल्या आणि इतिहास, राज्यशास्त्र मराठीत लिहिण्यात तरबेज असलेल्या तिच्या मैत्रिणीने विचारपूर्वक मराठीची ओळ निवडली. मला तिचा निर्णय फार आवडला.

मग दहा जागा भरायची वेळ आली. जेवणानंतर तिघं बसलो. ज्या कॉलेजच्या नोटीसबोर्डाचा फोटो काढला होता तेच लेकीला पहिलं हवं होतं. दादरहून चालत जाता येतं, सकाळची पाळी, दोन्ही विषय एकत्र मिळतात, वाचनालय दुपारनंतर उघडं. (कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ती तिथे शिकते आहे आणि अजून लहान आहे.) नवऱ्याचा आग्रह होता, की पहिल्या क्रमांकावर झेवियर्स टाकायचं. ते लागणार नाही हे त्यालाही माहीत होतं. त्याचं म्हणणं, पहिलं न लागणारं टाकलं की दुसऱ्या क्रमांकावरचं दादरचं कॉलेज लागलं तरी बंधन राहणार नाही, मनात आलं तर नाकारून मुलुंड किंवा ठाण्यासाठी थांबता येईल. हिशोब बरोबर होता. बरेच पालक असंच करतात. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालच्या कॉलेजची संधी जात नाही, हेही खरं. काहींना उगाच वाटतं की जाते, आणि मग ते भीतीने आपल्या गुणांपेक्षा खालची यादी करतात.

लेक म्हणाली, "पण बाबा, मला दादरचं हवंय. ते लागलं तर मी जाणारच आहे. मग सुटायला वाट कशाला ठेवायची?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तिने वेळ बघितली आहे, गाडी बघितली आहे, विषय बघितले आहेत. मग तिचं ऐकू या. दादर पहिलं, वझे-केळकर दुसरं, तिसरं ठाणं, आणि खाली घराजवळचं सुरक्षित कॉलेजही ठेवलं. अर्ज लॉक केला.

त्यानंतर काही दिवसांतच 9 जून उजाडला. सोमवार होता. सकाळी मुंब्र्याजवळ, शेजारून जाणाऱ्या दोन भरलेल्या लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांवर घासून रुळांवर पडले. त्यात माणसं गेली. मी त्या दिवशी आधीच्या गाडीने पुढे गेले होते. ऑफिसात पोचेपर्यंत फोनवर घरच्यांचे, सासूबाईंचे, माहेरचे कॉल येऊन पडलेले. आमच्याकडच्या सगळ्या गाड्या मुंब्र्यावरूनच जातात. दादर निवडा नाहीतर मुलुंड, ते वळण चुकत नाही.

संध्याकाळी नवरा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "अर्ज बदलता येईल का बघ." येत नव्हता. आणि पहिल्या पसंतीचं लागलं तर घ्यावंच लागणार होतं. सासूबाई म्हणाल्या, इथे घराखाली कॉलेज असताना पोरीला कशाला मरायला पाठवायचं. त्यांच्यावर रागावता आलं नाही. मलाही झोप लागली नाही त्या रात्री. वीस वर्षांत मी स्वतः किती वेळा दारात उभी राहिले असेन, तेवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या डब्यातल्या बायकांशी बोलले. आमचा सकाळचा ग्रुप जुना आहे, त्यात नर्सेस आहेत, बँकेतल्या आहेत, एक शाळेत शिकवतात. पहाटेच्या गाडीने जाणाऱ्या कोण आहेत, विचारलं. दोघी निघाल्या, दोघींची ड्यूटी सातची. त्यांनी सांगितलं, सहाच्या सुमाराच्या गाड्यांना दारात कुणी नसतं, लेडीज डब्यात आरामात बसून जातो, पोरीला आमच्याबरोबर पाठव. हे मी घरी येऊन शब्दशः सांगितलं. नवऱ्याला आकडे, बातम्या काही नको होतं. त्या दोन बायकांच्या नावांनी त्याला जरा धीर आला. मग आम्ही तिघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. गाडी भरलेली असेल तर सोडायची, पहिलं लेक्चर बुडालं तरी चालेल. दारात उभं राहायचं नाही. दुपारी सुटल्यावर वाचनालयात बसायचं असेल तर बसावं, पण चारच्या आत गाडीत. आणि पावसात गाड्या बंद पडल्या तर घरी यायचा प्रयत्न करायचा नाही. सायन-कुर्ल्याला पाणी भरलं की लाइन तुटते, तेव्हा कॉलेजच्या बाजूचंच घर हवं. माझी मामेबहीण वडाळ्याला राहते. तिला फोन केला, ती म्हणाली, "चावी देऊन ठेवते, विचारायचंसुद्धा नाही."

जून संपता संपता यादी लागली. पहिली पसंती. लेक नाचली. नवऱ्याने तिला जवळ घेतलं आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली. प्रवेश निश्चित करायला आम्ही दोघी गेलो. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, फीची पावती, सगळं तासाभरात झालं. विषयांचा फॉर्म तिथेच भरायचा होता, आणि गटांचा अभ्यास आधी झालेला असल्यामुळे तिला विचार करावा लागला नाही. शेजारी एक मुलगी आईबरोबर तो फॉर्म पहिल्यांदाच वाचत होती, दोघी गोंधळल्या होत्या. लेकीने आपल्या फोनमधला वेळापत्रकाचा फोटो त्यांना दाखवला. ती मुलगी कळव्याची निघाली. आता दोघी परतताना एका गाडीत असतात.

फेऱ्या लांबत गेल्यामुळे वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. पहिल्या दिवशी नवरा तिला स्कूटरवरून स्टेशनला सोडायला गेला आणि फलाटावर त्या दोन बायका दिसेपर्यंत थांबला. दादरला मध्य रेल्वेचे फलाट आता आठ नंबरपासून सुरू होतात. पश्चिमेच्या फलाटांना जोडून सलग नंबर दिलेत. जुन्या सवयीने मी तिला 'तीन नंबर' असं काही सांगू नये म्हणून तिने आधीच बजावलं होतं.

आणि कॉलेज सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला तोच 18 ऑगस्टचा पाऊस. सोमवारच होता. महापालिकेने दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर केली, पण सकाळच्या सत्राची मुलं तोवर वर्गात बसलेली होती. सकाळच्या पाळीची ही एक अडचण आहे, सुट्टीची बातमी येते तेव्हा मूल घरून निघून गेलेलं असतं. गाड्या रखडत होत्या. मी फोर्टात, ती दादरजवळ, नवरा घरी. तिचा मेसेज आला, "वडाळ्याला चाललेय. कळव्याचीपण माझ्याबरोबर." दोघी फाइव्ह गार्डन्सच्या बाजूने चालत गेल्या, भिजल्या, पण पोचल्या. मामेबहिणीने दोघींना कोरडे कपडे दिले आणि पिठलं-भात खाऊ घातला. कळव्याच्या मुलीच्या आईशी मी पहिल्यांदा फोनवर नीट बोलले ते त्या दुपारी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी होती आणि ठाणे ते सीएसएमटी मुख्य लाइन कित्येक तास बंद होती. मुली वडाळ्यालाच राहिल्या.

सासूबाईंनी त्यानंतर विषय पुन्हा काढला, इथल्या कॉलेजात बदली होते का म्हणून. नवऱ्याने त्यांना समजावलं, मी मध्ये पडले नाही. गणपतीच्या सुट्टीनंतर लेकीने कॉलेजमधून रेल्वेच्या कन्सेशनचा फॉर्म आणला. पहिल्या खेपेला आम्ही महिन्याचाच पास काढला होता, बघू या म्हणून. या वेळी नवराच खिडकीवर गेला आणि तीन महिन्यांचा काढून आला.